शेवटचं अक्षर

"पट्टा ओढून दाखव," जुम्मा काका म्हणाले.

मी पट्ट्याचा हुक बास्केटच्या कडीत अडकवला होता. अंगातला हार्नेसही घट्ट आवळलेला होता. तरी ओढून दाखवला. त्यांनी मग स्वतःचा ओढला, कठड्याचं दार लागलंय की नाही ते ढोपरानं ढकलून पाहिलं आणि खाली वाकून हाक मारली, "भाईदास, आहेस ना रे?"

"आहे, काका," खालून भाईदास पावरानं हात वर केला.

मग कुठं त्यांनी पेडलवर पाय ठेवला.

नरडाण्याच्या एमआयडीसीत सूतगिरणीच्या नव्या शेडचं काम चाललं होतं. मी आयटीआय करून वायरमन म्हणून लागले होते. अख्ख्या साइटवर वायरमनचं काम करणारी बाई मी एकटीच. शेडच्या बाहेरच्या छपराखाली दिवे बसवायचे होते, म्हणून रोज मला बूम लिफ्टमधून वर जावं लागे. चार चाकांची गाडी, तिच्यावर लांब लोखंडी हात, आणि हाताच्या टोकाला दोघं उभे राहतील एवढं कठड्याचं बास्केट. काकांच्या पुढ्यातल्या पाटीवर दांड्या आणि बटणं असत. पायाखालचं पेडल दाबल्याशिवाय एकही दांडी चालत नसे.

जुम्मा तडवी यावलच्या वरचे, सातपुड्याच्या पायथ्याचे. उंच, काळेसावळे, मेंदी लावलेली आखूड दाढी. बोलायचे थोडं. बास्केटमध्ये फोन आणायचा नाही, पाना दोरीनं मनगटाला बांधायचा, कठड्यावर पाय ठेवायचा नाही, हे त्यांनी मला पहिल्याच दिवशी सांगितलं आणि पुन्हा कधी सांगितलं नाही. नुसतं बघायचे. मी त्या दांड्यांकडे बघत असले की मात्र म्हणायचे, "माय, तुझं काम दिव्याचं. हे माझं."

तरी आठवडाभर शेजारी उभी राहून एक गोष्ट मला पाठ झाली होती. दिवा बसवून झाला की काका ती जाडी दांडी आपल्याकडे ओढत. गाडी हळूच मागे सरके, आम्ही भिंतीपासून सुटत असू, आणि मग ते बास्केट खाली घेत.

त्या दिवशी आम्ही शेडच्या मागच्या अंगाला होतो. तिकडे पाण्याच्या टाकीसाठी खड्डा खणून ठेवला होता आणि गाडी वळवायला जागा नव्हती. काकांनी गाडी मागच्या चाकांच्या बाजूनं भिंतीकडे नेली आणि वरचा हात अर्ध्या फेऱ्यानं फिरवून घेतला. मी बघत होते, पण त्यात बघण्यासारखं काही आहे असं मला वाटलं नाही. बास्केट छपराखाली शिरलं. पायाखाली आग विझवायच्या पाण्याचा लाल पाइप आडवा गेलेला. समोर, माझ्या छातीच्या उंचीवर, लोखंडी तुळई. काका तिच्या अलीकडे, हात लांब करून काम करता येईल एवढ्या अंतरावर थांबले.

दुपार होती. वारा गरम होता. मी शेवटच्या दिव्याच्या तारा जोडत होते.

"भाईदास कुठं गेला?" काकांनी विचारलं.

मी खाली पाहिलं. गाडीशेजारी कुणी नव्हतं. पलीकडे पत्र्यांचा ट्रक आला होता. साइट इंजिनियर भामरे साहेबांनी मिळतील ती माणसं ट्रक रिकामा करायला नेली होती. भाईदासला नेल्याचं मला नंतर कळलं.

"येईल आत्ता," मी म्हटलं.

"येईल तेव्हा येईल. खाली माणूस नाही तर आपण वर नाही. आवर."

मी झाकण बसवलं. वळले तर काकांच्या कपाळावरून घाम ओघळत होता. डावा हात त्यांनी काखेत दाबून धरला होता.

"काय होतंय, काका?"

त्यांनी पेडलवरचा पाय काढला आणि कठड्याला पाठ घासत खाली बसले. लहान बास्केट ते. त्यांचे गुडघे माझ्या पायांवर टेकले. तोंड राखेसारखं झालं होतं.

मी ओरडले. भाईदासला, भामरे साहेबांना, कुणालाही. जवळच जनरेटर चालू होता. पत्रे उतरवण्याचा खणखणाट त्याच्यावर. माझा आवाज माझ्याच कानापर्यंत नीट पोचत नव्हता.

"काका, मी खाली घेते," मी म्हटलं. "मी पाहिलंय तुम्ही कसं करता ते."

मी पेडलवर पाय ठेवला आणि दांडीकडे हात नेला. तेवढ्यात त्यांनी माझं मनगट धरलं.

आजारी माणसाची ती पकड नव्हती. हाड दुखलं. मला वाटलं, कळ आली असेल, आधार हवा असेल. मी म्हटलं, "आहे मी, काका. सोडा, एकदा खाली जाऊ द्या, मग धरा." त्यांनी सोडलं नाही. डोळे माझ्यावर रोखलेले. ओठ हलत होते. मी कान खाली नेला.

"उलट…" ते म्हणाले. श्वास पुरला नाही. पुन्हा म्हणाले, "उलट…"

मला वाटलं, उलटी होतेय. माझ्या वडिलांना झटका आला होता तेव्हाही आधी उलटीच झाली होती. मी पेडलवरचा पाय काढला, खाली बसले, मोकळ्या हातानं त्यांची मान कुशीला वळवली. "होऊ द्या," मी म्हटलं. "होऊ द्या काका, उलटी होऊ द्या. बरं वाटेल."

त्यांनी मान हलवली. जोरात. मग दुसरा हात उचलला, पुढ्यातल्या पाटीकडे नेला. बोटं चाचपडत वर गेली आणि त्यांनी लाल बटण दाबलं. मशीन धडधडायचं थांबलं. खालून इंजिनाचा जो एक आधार वाटत असतो, तोही गेला.

"असं काय केलंत?" मी विचारलं. ते माझ्याकडे बघतच होते. मनगट तसंच.

मी डाव्या हातात पाना घेतला आणि तुळईवर ठोकायला लागले. ठोकायचं, थांबायचं, हाक मारायची, पुन्हा ठोकायचं. किती वेळ ते मला आजही सांगता येत नाही. वाऱ्यानं बास्केट डुलत होतं. ठोकता ठोकता केव्हातरी माझ्या लक्षात आलं की ते आता माझ्याकडे बघत नाहीत. डोळे उघडेच होते. फक्त माझ्याकडे नव्हते.

पकड मात्र सुटली नव्हती.

भाईदास धावत आला तेव्हा त्याला वाटलं मशीन बिघडलंय. मी ओरडून सांगितलं. त्यानं गाडीजवळची खालची चावी फिरवली, खालच्या बटणांनी आधी तो लांब हात आखडून घेतला, बास्केट छपराबाहेर काढलं आणि मग हळूहळू उतरवलं. वर मशीन बंद पडलं तर खालून कसं उतरवायचं, हे त्याला काकांनीच शिकवलं होतं. माझं मनगट सोडवायला त्याला एकेक बोट उचलावं लागलं.

शिरपूरच्या दवाखान्यात डॉक्टरांनी पाहिलं आणि नुसती मान हलवली.

दुसऱ्या दिवशी कंपनीचे एक अधिकारी आले. पत्र्याच्या केबिनमध्ये मला बसवलं, चहा दिला.

"मशीन बिघडलेलं नव्हतं," ते म्हणाले. "तुम्हाला ते चालवताना रोज दिसत होतं. खाली घ्यायचा प्रयत्न केला नाहीत?"

"त्यांनी हात धरला होता."

"सुटका करून घेता आली नाही?"

"नाही."

भामरे साहेब खिडकीबाहेर बघू लागले. मरणाऱ्या माणसानं धरलेला हात झटकून टाक, असं कोण कोणाला म्हणणार? पण प्रश्न तिथं टेबलावर राहिला आणि माझ्याबरोबर घरीही आला. मी जोर लावून हात सोडवला असता तर? दांडी ओढली असती तर? कदाचित दवाखान्यात पोचेपर्यंत धुगधुगी राहिली असती.

चार-पाच दिवसांनी भाईदास आणि मी त्यांच्या गावी गेलो. हमीदाबाई, काकांची बायको, बायकांच्या घोळक्यात भिंतीशी बसली होती. बारीक बांध्याची, कोरड्या डोळ्यांची. मला जवळ बसवून घेतलं.

"तूच होतीस का गं जवळ?"

"हो, काकू."

"एकटे नव्हते, एवढं बरं झालं." मग थोड्या वेळानं, "काही बोलले?"

"बोलता येत नव्हतं त्यांना. उलटी होतेय एवढंच म्हणत होते."

तिनं शेजारच्या बाईकडे पाहिलं. मला वाटलं, रडेल. रडली नाही. तिनं पदर तोंडावर ओढून घेतला आणि आम्ही उठेपर्यंत काढला नाही.

मी साइट सोडली. अमळनेरला जळालेल्या मोटारींत नवी तार भरण्याच्या दुकानात लागले. जमिनीवरचं काम. दुकानासमोर लोहाराची भट्टी होती. तो ऐरणीवर ठोकायला लागला की माझ्या हातातली तार खाली पडायची. झोपेत मी मनगट उशीखाली दाबून ठेवायची, असं आई सांगते. लग्न झालं, मुलगी झाली. मुलीनं रस्ता ओलांडताना मनगट धरलं तर मी नकळत हात काढून घ्यायची आणि बोट द्यायची. नवऱ्याला हे विचित्र वाटायचं. तो विचारायचा नाही.

मग पुण्याकडे आलो. चाकणजवळ गोदामांची कामं चालू होती आणि वायरमन हवे होते. मुलाखतीत विचारलं, उंचीवर जाल का? मी हो म्हटलं. का म्हटलं ते कळलं नाही. त्या कंपनीचा एक नियम होता: बास्केटमध्ये जाणाऱ्या प्रत्येकाला, तो दिवे बसवो की रंग देवो, मशीन चालवता आलंच पाहिजे. आठवड्याचं प्रशिक्षण होतं.

शिकवणारे लोंढे सर साताऱ्याकडचे, सावकाश बोलणारे. मोकळ्या मैदानात मशीन उभं करून आम्हाला भोवती उभं केलं होतं. जमीन कशी तपासायची, वारा किती असला तर वर जायचं नाही, खालचा माणूस का हवा. हे सगळं मी काकांच्या तोंडून ऐकलेलं होतं. मग त्यांनी वरचा हात हळूहळू फिरवला. अर्धा फेरा. तो मागच्या चाकांच्या वर आणला.

"आता बघा," सर म्हणाले. "तुम्ही तोंड केलंय गाडीच्या मागच्या बाजूला. पण चाकांना ते ठाऊक नाही. आता दांडी आपल्याकडे ओढली तर तुम्हाला वाटेल गाडी मागे येईल, तुम्ही भिंतीपासून सुटाल. तसं होत नाही. गाडी तुमच्या तोंडासमोर जाते. भिंतीत. पुढे तुळई असेल तर माणूस पाटी आणि तुळईच्या मध्ये. माणसं गेलीत अशी. म्हणून हात मागं फिरवलेला असला की पहिलं काय लक्षात ठेवायचं? सगळं उलट."

पुढचं मी ऐकलं नाही.

"बाई, बरं वाटत नाही का?" सरांनी विचारलं. मी खाली बसले होते, तिथंच मातीत.

मी त्यांना छपराचं सांगितलं. पाइप कुठं होता, तुळई कुठं, खड्डा कुठं. कुणाचं, कधीचं, ते सांगितलं नाही. त्यांनी काडीनं मातीत आकृती काढली.

"इथं दांडी ओढली असती तर?" मी विचारलं.

"कोण उभं होतं?"

"एक जण बसलेला. एक जणी दांडीपाशी उभी."

सरांनी आकृतीवर काडी टेकवली. "बसलेल्याला काही झालं नसतं, तुळई त्याच्या डोक्यावरून गेली असती. उभी होती ती गेली असती."

ते शब्द घेऊन मी घरी आले. त्यानंतर कितीतरी दिवस मी त्या बास्केटमध्येच होते. काकांची मान हलताना दिसायची. मी म्हणतेय, होऊ द्या, उलटी होऊ द्या. आणि ते मान हलवतायत, नाही, नाही. पोटातला शेवटचा श्वास त्यांनी तोच एक शब्द म्हणण्यात घालवला होता. मी त्यांचं तोंड कुशीला वळवत बसले होते. मग त्यांनी ओळखलं असेल की पोरीला कळत नाहीये. म्हणून बटण. मशीन बंद झाल्यावर खाली जायचा जो एक मार्ग मला माहीत होता, तोही बंद. त्यांनी तो माझ्यासाठी बंद केला होता, आणि स्वतःसाठीही.

पण खात्री कुठं होती? शेवटचं अक्षर मी ऐकलंच नव्हतं. 'उलट' की 'उलटी', हे सांगायला माझ्याजवळ काही नव्हतं. रात्री वाटायचं, नक्की उलट. सकाळी वाटायचं, ज्याला श्वास घेता येत नाही तो एवढा हिशेब कसला करतोय. आपल्याला तसं हवंय म्हणून आपण तसं ऐकतोय.

दिवाळीत माहेरी गेले तेव्हा यावलची एसटी धरली.

हमीदाबाई म्हातारी झाली होती. मला ओळखायला तिला वेळ लागला, पण ओळखल्यावर तिनं खाट झटकली. मुलगा केळीच्या बागेत कामाला गेला होता, सून पाणी भरत होती. चहा झाला. मी जेवून जावं असं सून म्हणाली तेव्हा हमीदाबाई तिला म्हणाली, "ताजं कर. सकाळचं देऊ नको पाहुण्याला."

"सकाळचं चालेल, काकू."

"नाही. आमच्या घरात चालत नाही." सून पाण्याला गेल्यावर ती हळूच म्हणाली, "त्या दिवशी पहाटेच्या गाडीनं गेले ना ते. सुट्टी संपवून. आदल्या रात्रीचा रस्सा उरला होता, तोच बांधून दिला मी. उठायचा कंटाळा केला. उन्हाळ्याचे दिवस. तू म्हणालीस ना, उलटी होतेय म्हणत होते."

मी हातातला कप खाटेवर ठेवला.

"डॉक्टर म्हणे हृदय," ती म्हणाली. "असेल हृदय. पण ते बिघडलं कशानं? कुणाला सांगितलं नाही मी. पोरालाही नाही."

एवढी वर्षं. मी एक शब्द सांगून उठून गेले होते आणि ही बाई त्याच्याशी संसार करत राहिली होती.

मी तिला सगळं सांगितलं. खाटेवर चहाचे कप मांडून दाखवलं: ही गाडी, ही भिंत, ही तुळई. हा त्यांचा हात, हे माझं मनगट. लाल बटण. लोंढे सरांनी काय सांगितलं ते. तिनं कपांकडे बघत शेवटपर्यंत ऐकलं.

"म्हणजे उलटी नाही," ती म्हणाली.

"मला वाटतं, नाही."

"वाटतं?"

"शेवटचं अक्षर मी ऐकलं नाही, काकू. खोटं नाही सांगणार. तुम्हाला बरं वाटावं म्हणून आले असं समजू नका. मला रस्स्याचं ठाऊकही नव्हतं."

बाहेर सून हंडा घेऊन येत होती. मग तिनं विचारलं, "तोंड कसं होतं त्यांचं? हात धरला तेव्हा?"

"राखेसारखं."

"रंग नाही विचारत. कसे बघत होते तुझ्याकडे?"

मी डोळे मिटले. ते डोळे मला आठवावे लागत नाहीत. विसरू म्हटलं तरी विसरता येत नाहीत. आजवर मी त्यांना कळ म्हणत आले होते, भीती म्हणत आले होते. तिनं विचारल्यावर पहिल्यांदा नीट पाहिलं.

"चिडले होते," मी म्हटलं. "माझ्यावर. फार चिडले होते."

हमीदाबाईनं मान वर केली.

"नक्की?"

"हो. रागावलेच होते."

"दुखण्यात ते कधी चिडले नाहीत," ती म्हणाली. "विंचू चावला होता एकदा, तेव्हाही नाही. पोरासारखं बारीक तोंड करून पडून राहायचे, माझ्याकडे बघायचेसुद्धा नाहीत. सबंध संसारात मी त्यांना चिडलेलं पाहिलं ते त्यांच्या मशीनला कुणी न विचारता हात लावला तरच."

ती उठली. दारापर्यंत गेली, चौकटीला धरून पाठमोरी उभी राहिली. तिचे खांदे हलत होते, पण आवाज येत नव्हता. मी जवळ गेले नाही. सून हंडा खाली ठेवून तशीच उभी राहिली, तिच्याकडे आणि माझ्याकडे बघत.

"अम्मा, काय झालं?"

"काही नाही," हमीदाबाई म्हणाली. "तुझे सासरे कामावर होते गं. शेवटपर्यंत कामावर होते."